बेडकाचा विटाळ

आमच्या किन्हीराजा गावच्या पानमळ्याची गोष्ट निघाली, का माह्या तोंडाले अजूनही कडू पाणी सुटते. लोक म्हणतात, सूर्यभान, इतका कायले चिडतं? बारा वर्षं झाली त्या गोष्टीले. बारा होवो का बावीस, घाण ते घाण. तिच्यावर माती लोटली म्हणून काही तिचं अत्तर होत नाई.

मी सांगतो ते हिरालालचं. पुंजाजीचा हिरालाल. आज तो मंगरूळच्या कचेरीत नक्कलनवीस हाये. सकाळी जाते, दुसऱ्याचे कागद पाहून पाहून उतरवते, संध्याकाळी निळी बोटं घेऊन घरी येते. कोणाशी मोठ्यानं बोलत नाई, भांडत नाई, कोणी पाय दिला तं आपलाच पाय मागं घेते. अख्ख्या तालुक्यात त्याच्यासारखं अक्षर नाई म्हणतात. असन. पण तो हात अक्षरं काढाले नव्हता. कायले होता ते मी माह्या डोळ्यानं पाह्यलं हाये, अन् म्हणूनच माहा जीव जळते.

आमी बारी. पानं पिकवाचा आमचा पिढीजात धंदा. गावाच्या उत्तरेले, नाल्याच्या काठी, सात घरांचा मिळून एक मळा होता. चारी बाजूनं कूड, आत हादग्या-पांगाऱ्यावर चढवलेले वेल, अन् भर उन्हाळ्यातही आत गेलं का अंगावर गारवा. प्रत्येक घराचे वाफे वेगळे, पण पाणी एक, कूड एक अन् फाटक एक. अन् त्या मळ्याचे नियम काय सांगू! आत जायचं तं आंघोळ करून. पायात चामडं नाई. मटण खाल्लं, त्या दिवशी फाटकाले हात लावाचा नाई. मयताले गेला, तं दहा दिवस बाहेर. पानवेल म्हणजे आमची देवी, तिले विटाळ सोसत नाई, एकानं केला तं साती घरांचे वेल बसतात, म्हणजे सुकून मरतात, असं आमी आईच्या दुधाबरोबर प्यायलो. फाटकाची किल्ली नथ्थूजीच्या करदोट्याले. नथ्थूजी म्हणजे मळ्याचा पंच. दिवसभर तंबाखू चघळायचा अन् बोलता बोलता समोरच्याच्या पायाजवळ पचकन् थुंकायचा. त्या थुंकीनं देवी कधी बाटली नाई, हे आणखी एक.

हिरालाल दहा-बारा वर्षांचा असताना त्याच्या मायच्या, हौसाबाईच्या, अंगठ्याले नखी लागली. नखी म्हणजे पान खुडाले अंगठ्यात घालतात ते लोखंडाचं नख. जखम एवढीशी, पण चिघळली. नथ्थूजीनं शेण लावाले सांगितलं. आठ दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला, अन् वास असा का जवळ बसवत नव्हतं. तवा पुंजाजीनं गाडी जुंपून तिले अकोल्याले नेलं. डॉक्टरनं अंगठा चिरला, साफ केला, हात वाचवला. पोरगा बाजूले उभा राहून सगळं पाहत होता. परत येताना गाडीतच म्हणाला, "माय, मी डॉक्टर होईन." पोरं म्हणतात तसं. पण हे पोरगं म्हणून थांबलं नाई.

मी त्याच्याहून वर्षभर मोठा. दोनदा मॅट्रिकले आपटलो अन् शेलूबाजारात पानाच्या करंड्या विकाले बसलो. तो पहिल्याच फेरीत वर निघाला. पस्तीस साली, जून सरताना, मीच त्याले कारंज्याले छोट्या आगगाडीत बसवून देल्लं. मूर्तिजापूरले गाडी बदलायची अन् नागपूरले उतरायचं. कॉलेजात सायन्स घेतलं, त्यातही जीवशास्त्राचा गट, म्हणजे पुढं डॉक्टरीले जाता येते. गावातला पहिला कॉलेजवाला! नथ्थूजीनंच त्याच्या गळ्यात हार घातला होता, सांगून ठेवतो.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी पानाची करंडी पोचवाले मी नागपूरले गेलो, अन् हिरालालले भेटाले त्याच्या कॉलेजात. त्यानं मले हौसेनं प्रयोगाच्या खोलीत नेलं. दारातच औषधाचा असा उग्र दर्प आला का माह्या डोळ्यातून पाणी निघालं. मेणाच्या तबकात एक बेडूक उताणा. हातपाय ताणून टाचण्या मारलेल्या. हिरालालनं बारीक पातं घेतलं अन् त्याचं पोट वरच्या वर असं उघडलं, जशी कोणी पानाची शीर सोलावी. रगत नाई, धसमुसळेपणा नाई. आतलं काळीज अजून उडून राह्यलं होतं. "पाह्य सूर्या, पाह्य!" तो म्हणे, अन् त्याचे डोळे चमकून राह्यले होते. मी खिडकीतून बाहेर ओकलो. त्याचे प्रोफेसर हसले अन् मले म्हणाले, "तुमच्या मित्रासारखा हात मी दहा वर्षांत पाहिला नाही. याला सर्जन करा." मले तवा काय समजणार? माह्या नाकातून तो वास जाईना.

आता जे सांगतो ते सांगताना मले माहीच शिसारी येते. शेलूबाजारच्या बाजारात, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तवा, मी ती गोष्ट सांगितली. मीठ-मिरची लावून सांगितली. बेडकाच्या जागी चार बेडूक केले, वर एक मेलेलं मांजर माह्या पदरचं घातलं. हिरालालचा हात सर्जनचा हाये, हे मात्र सांगितलं नाई. कायले सांगीन? मी दोनदा नापास झालेला, बाजारात बसून माशा मारणारा. लोक हासले, "छी छी" म्हणाले, आणखी सांग म्हणाले. मले बरं वाटलं. खोटं कायले बोलू, लय बरं वाटलं.

दिवाळीले हिरालाल घरी आला. नेहमीसारखी आंघोळ केली, मळ्यात गेला, बापाबरोबर दोन दिवस पानं खुडली अन् परत गेला. पौषात वेल बसू लागले. आधी पानं पिवळी पडली, मग माना टाकल्या, मग बुडातून वेल काळा पडून खाली. एका वाफ्यातून दुसऱ्यात. नथ्थूजी दर दिवशी मळ्याले चक्कर मारायचा अन् थुंकायचा. कोणाच्या घरी मयत झालं? कोणाच्या सुनेनं शिवलं? सगळ्यायची उलटतपासणी झाली. अन् मग शेलूबाजारातली गोष्ट फिरत फिरत त्याच्या कानावर आली. कोणी सांगितली ते कोणी इचारलं नाई. दोषी सापडला होता, आणखी काय पायजे?

उन्हाळ्यात हिरालाल आला तवा फाटकावरच त्याले अडवलं. पोरगं आधी हासलं. त्याले वाटलं चेष्टा हाये. मग बापाले म्हणाला, "बाबा, एक बसलेला वेल मुळासकट उपटून आना. मले पाहू तं द्या." पुंजाजीनं आणून देल्ला. अन् तिथं त्या शहाण्यानं ती चूक केली जी फक्त आमच्याच सात घरांतला शिकलेला पोरगा करू शकते. साती घरांचे लोक जमलेले असताना त्यानं खिशातून तेच पातं काढलं, कॉलेजातलं, अन् वेलाचं मूळ उभं चिरलं.

"पाहा," तो म्हणे, "मूळ आतून सडलं. खाली पानी तुंबून राह्यलं हाये. नथ्थूकाकाच्या वाफ्यापाशी पाट बुजला, त्यानं साऱ्या मळ्याचं पानी अडलं. चर खोदा, बसलेले वेल उपटून जाळा, बाकीचे वाचतीन."

कोणी मुळाकडे पाह्यलं नाई. सगळे पात्याकडे पाहून राह्यले होते.

"हे थेच का?" नथ्थूजीनं इचारलं. "बेडकं कापाचं?"

हिरालालले खोटं बोलता येत नव्हतं. "हाव, पन उकळत्या पान्यात धुतलं हाये."

बाप रे, काय बोंब उठली! देवीच्या अंगावर बेडकाचं पातं! एक म्हातारी तं फाटकासमोर आडवी पडली अन् रडू लागली. नथ्थूजी कानावर हात ठेवून खाली बसला, जसा त्यालेच कोणी चिरला. अन् पाट मात्र बुजलेलाच राह्यला. त्यात कुदळ घालाची अक्कल साती घरांत कोणाले झाली नाई.

त्याच संध्याकाळी पारावर बैठक झाली. नथ्थूजी बोलला, "पुंजाजी, पोरगं शिकवू नको असं कोनी म्हनत नाई. शिकव. वकील कर, मास्तर कर. पन हे कापाकापीचं सोड म्हनावं. विषय बदलला, तं पाच सोमवार आंघोळी घालून त्याले आत घेऊ. नाई बदलला, तं विटाळ तुह्या घरात कायम. मंग तुहे वाफे आमाले काढून घ्या लागतीन."

हौसाबाई बाईमाणूस, पारापासून लांब उभी होती. तिथूनच बोलली, "नथ्थूभाऊजी, तुमी तुमच्या भावाले जाळून आले. दहा दिवसांनी मळ्यात गेले का नाई?"

"मंग? सुतक फिटलं."

"मानूस जाळला तं दहा दिवस, अन् बेडूक कापला तं जलमभर? हा कोन्या देवीचा हिशोब?"

नथ्थूजी थुंकला अन् म्हणाला, "बायकायनं मधात बोलू नये." बस. झाला न्याय. अन् मी? मी तिथंच होतो, दुसऱ्या रांगेत. एक शब्द बोललो असतो, का मांजर खोटं हाये, चार बेडूक खोटे हाये, हाताची तारीफ खरी हाये. नाई बोललो. तोंड उघडलं असतं तं, गोष्ट कोणी फोडली, ते निघालं असतं.

आता सगळं हिरालालवर आलं. कॉलेजचा कायदा असा का विषय बदलाचा तं दहा जुलैच्या आत अर्ज द्या, अन् आर्ट्सले पुन्हा पहिल्या वर्षापासून बसा. म्हणजे एक वर्ष पाण्यात, अन् डॉक्टरीचा रस्ता कायमचा बंद. प्रोफेसरचं कार्ड आलं होतं. सुट्टीत वाचाले दोन पुस्तकं सुचवली होती, अन् शेवटी लिहिलं होतं, तुझी वाट पाहतो. हिरालाल ते कार्ड पुन्हा पुन्हा काढून वाचायचा. माय म्हणायची, "वाफे गेले तं जाऊ दे. मी मजुरी करीन. हा हात हाये ना माहा? कोनं वाचवला?" अन् बाप काहीच म्हणायचा नाई. तो बोलला असता, चिडला असता, दोन थोबाडीत देल्ल्या असत्या, तं पोरगं सुटलं असतं. तो फक्त म्हणे, "मी सांगत नाई तुले. तूच पाह्य." अन् उठून मळ्याकडे चालू लागायचा. पन्नाशीचा माणूस, जन्मभर दुसरं काही केलं नाई, दुसरं काही येतच नव्हतं. वेलापासून काढला तं तो जगला नसता, हे हिरालालले समजत होतं. मलेही समजत होतं.

जुलैच्या चार तारखेले तो निघाला. कारंज्यापर्यंत बैलगाडी माहीच. पोराचा चेहरा उजळ होता. गाडीत ट्रंक ठेवता ठेवता माह्या कानात म्हणे, "सूर्या, ठरलं. विषय बदलत नाई. चर मी सोता खोदीन, दिवाळीले. वेल वाचले का सारे लोक गप होतीन." मी म्हटलं, शाब्बास लेका. खरंच मनापासून म्हटलं. माहं पापही त्यात धुऊन निघत होतं ना!

गाडी हालणार, तेवढ्यात पुंजाजी मळ्याकडून पळत आला. अंग ओलं, पाय उघडे, हातात फडक्यात बांधलेलं पुडकं. केळीच्या पानात गुंडाळलेली विड्याची पानं, निवडून निवडून खुडलेली, देठ एकासारखे एक. "तुह्या मास्तरले दे," तो म्हणाला. "म्हनावं, बापानं देल्ली."

हिरालालनं गाडीतून खाली उडी मारली अन् दोन्ही हात समोर केले. पुंजाजी दोन पावलं मागं सरकला. मुद्दाम नाई सरकला, मी शपथेवर सांगतो. आपोआप सरकला. अन् पुडकं त्यानं पोराच्या हातात नाई देल्लं, खाली वाकून भुईवर ठेवलं. धुळीत. मग आपण काय केलं ते त्याले समजलं. तो तसाच वळून मळ्याकडे निघून गेला.

हिरालालनं पुडकं उचललं. कारंज्यापर्यंत चार कोस झाले, सहा कोस झाले, पोरगं पुडक्यावरची धूळ पुसून राह्यलं होतं. मी दोनदा बैलायवर खेकसलो, एकदा गाणं म्हणून पाह्यलं. ठेसनावर गाडी यायच्या आधी तो म्हणाला, "नथ्थूकाकाले मी भेत नाई. साती घरं थुंकली असती तोंडावर, तं पुसून टाकलं असतं. पन बाबाले माही किळस येते रे, सूर्या. त्याचा विलाज मले येत नाई."

"लेका, सर्जन झाल्यावर तोच बाप..."

"सर्जन झाल्यावर तं मानसं कापीन," तो म्हणे. "मंग तं तो मले बघनारबी नाई."

दहा तारखेच्या आत अर्ज गेला. आर्ट्स. इतिहास अन् तर्कशास्त्र. प्रोफेसरनं त्याले खोलीत बोलावून तासभर समजावलं, शेवटी चिडून म्हणाले, तुमच्यासारख्यांना शिकवणं म्हणजे वेळेचा नाश. पानं त्यायले देल्ली का, ते मी कधी इचारलं नाई. दिवाळीले महिनाभर थांबवून पाच सोमवारांच्या आंघोळी झाल्या, थंड पाण्यानं, फाटकासमोर, साती घरांच्या देखत. कॉलेजात शिकणारा वीस वर्षांचा गडी लंगोटीवर कुडकुडत उभा, अन् नथ्थूजी मोठ्यानं घागरी मोजून राह्यला. शी! थुंकी गिळून पाह्यलं म्या ते. मग त्याले आत घेतलं. बापानं त्याच्या हातात नखी देल्ली, अन् दोघं एका वेलाशी उभे राहून पानं खुडू लागले. पुंजाजी रडत होता. म्हणावं तं आनंदानं.

अन् मळा? मळा दोन वर्षांत बसला. पूर्ण. साती घरांचा. पाणी तुंबलं होतं ते तुंबलंच होतं, ते काय सोमवारानं उतरणार होतं? कूड लोकायनं चुलीत घातला, पांगारे तोडले. आता तिथं ज्वारी पेरतात. जोडे घालून नांगर हाकतात, अन् नथ्थूजीच्या म्हशी फाटकाच्या जागी शेण टाकत बसतात. पुंजाजी मळ्यामागं वर्षभरही टिकला नाई. हिरालाल कसाबसा बी. ए. झाला, तिसऱ्या वर्गात, कारण त्या पुस्तकांत त्याचं मनच नव्हतं. मंगरूळले चिकटला. मायले घेऊन राहू लागला. माहा बाजार मंगरूळले असला का मी त्याच्याच घरी जेवतो.

गेल्या जूनमधली गोष्ट. मी त्याच्या घरी बसलो होतो, हौसाबाई भाकरी टाकून राह्यली होती, अन् दारात नथ्थूजी! म्हातारा झालेला, पण गाल तंबाखूनं तसाच फुगलेला. हातात पेढ्याचा पुडा. नातू, बाळ्या, मॅट्रिक पास झाला म्हणे, चांगल्या मार्कानं.

"नागपूरले धाडतो," तो म्हणाला. "डॉक्टर करतो त्याले. हा कॉलेजचा कागद इंग्रजीत भरा लागते म्हनतात. म्हटलं आपला हिरालाल हाये, अक्षर मोत्यावानी."

हौसाबाईनं भाकरी तव्यावर तशीच सोडली. माहा संताप टाळूत गेला. मी म्हटलं, "काका, बेडूक कापा लागते तिथं. विटाळ नाई होत का?"

"कायचा विटाळ?" नथ्थूजी खरोखर चकित झाला. "मळा कुठी हाये आता?"

अन् वरून पेढा हिरालालच्या हातावर ठेवत म्हणतो काय, "तूबी तं सायन्सलेच होता ना रे? काहून सोडलं? अभ्यास झेपला नसन."

त्याच्या डोळ्यात पाह्यलं मी. ढोंग नव्हतं. म्हातारा खरंच विसरला होता. ढोंग असतं तं मी त्याच्या नरडीले धरलं असतं. विसरलेल्या माणसाचं काय करता तुमी? कागद ठेवून तो बाजारात गेला, घंट्याभरानं येतो म्हणून.

हिरालालनं पेढा बाजूले ठेवला, हात धुतले, चटईवर बसून कागद उलगडला. वरपासून खालपर्यंत वाचला. जीवशास्त्राच्या रकान्यावर त्याचं बोट जरासं थांबलं. मले ते पाहवेना. जे बारा वर्षं गिळून बसलो होतो ते आपोआप वर आलं.

"हिरालाल," मी म्हटलं, "ती बेडकाची गोष्ट शेलूबाजारात मी सांगितली होती. मीच."

"मालूम हाये."

"कवापासून?"

"फाटकावर अडवलं त्याच दिवसापासून," तो म्हणे. "नागपूरले तुह्याबिगर दुसरं कोन आलं होतं?"

मले हौसाबाईकडे पाहाची हिंमत झाली नाई. भाकरी जळल्याचा वास येत होता अन् बाई ती उलटत नव्हती. इतकी वर्षं मी या घरात जेवलो. दोघंही जाणत होते, अन् मले वाढत होते. मले वाटलं, आता हा उठन, मले बाहेर काढन, दोन शिव्या तरी घालन. मी वाट पाहून राह्यलो होतो त्या शिव्यांची.

त्यानं टाक दौतीत बुडवला, निबावरची जास्तीची शाई काठाले निपटली अन् मले इचारलं, "नथ्थूकाकाच्या बाळ्याचं शाळेतलं नाव काय हाये रे?"